अलिबाग रिव्ह्यू: बीचला हवे तेवढे स्टार द्या, गावाला माझ्याकडून पाच

अलिबागचे ऑनलाइन रिव्ह्यू उघडून बघा, बहुतेक सगळे बीचपाशीच थांबतात. वाळू काळपट आहे, पाणी गढूळ आहे, गर्दी आहे, त्यापेक्षा काशीदला जा नाहीतर नागावला जा, आणि दोन स्टार. बीच म्हणून ते खरंही आहे, पोहायला म्हणून मी कुणाला अलिबागच्या किनाऱ्यावर पाठवणार नाही. पण या गावात जे खरं बघण्यासारखं आहे ते रोजच्या वापरातल्या जागांमध्ये आहे, जेल, तलाव, बाजारातली एक आळी, एक सरकारी वेधशाळा, खानावळीतलं ताट, आणि त्याबद्दल कुणी लिहीतच नाही म्हणून हा लांबलचक रिव्ह्यू. मुंबई-ठाण्याकडून सकाळी निघून संध्याकाळी परत येणाऱ्यांसाठी आहे. पूल आणि बार्बेक्यू हवा असेल त्यांच्यासाठी बाकीचे रिव्ह्यू आहेत भरपूर.

सुरुवात लाँचपासून. गेटवेहून मांडव्याला साधारण तासाभरात पोचतो आणि त्याच तिकिटात मांडवा ते अलिबाग बसही येते, हे नवीन लोकांना माहीत नसतं आणि ते मांडव्याला उतरून रिक्षावाल्यांशी घासाघीस करत बसतात. तिकीट फेकून देऊ नका, बसमध्ये दाखवावं लागतं. बस चोंढीवरून गावात येते, खिडकीतून वाड्या बघत वेळ बरा जातो. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट, ती २०२० पासून सुरू झालीय आणि तीत गाडीही चढवता येते. लाँच सेवेला माझ्याकडून चार स्टार, एक स्टार रविवारच्या रांगेमुळे गेला.

आणि एक, गेटवेला लाँचची वाट बघत उभे असाल तिथून लायन गेट चालत जाण्याइतकं जवळ आहे, आत नौदलाचा तळ आहे, नाव आयएनएस आंग्रे. हा तळ जिथे आहे तिथे आधी इंग्रजांचा बॉम्बे कॅसल होता. म्हणजे ज्या कान्होजी आंग्र्यांनी इंग्रजांची जहाजं पकडून त्यांना जेरीस आणलं, त्यांचंच नाव १९५१ पासून इंग्रजांच्या जुन्या किल्ल्याच्या जागेवर आहे, आणि आपण लाँचमध्ये बसून निघालोय त्याच आंग्र्यांच्या गावाला. मला तरी हे माहीत झाल्यापासून त्या रांगेत उभं राहायचा कंटाळा येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तिथी बघून या. कुलाबा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात आहे, ओहोटीला चालत किंवा घोडागाडीने जाता येतं, भरतीला होडी. ॲपवर वेळा मिळतात पण कोकणात हा हिशोब तोंडी करतात आणि तो शिकून घ्यावा असाच आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ, तिच्यापुढे साधारण सहा तासांनी ओहोटी. चतुर्थी असली तर चार पाऊण तीन, म्हणजे भरती तीनला आणि ओहोटी नऊच्या आसपास. अष्टमीला आठ पाऊण सहा, ओहोटी दुपारी बाराला, पण तेव्हा भांग असते, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, पाणी पुरतं उतरतच नाही, गुडघाभर राहतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी लांबवर ओसरतं खरं पण ते सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी, मधल्या वेळात आलात तर किल्ला लांबूनच बघावा लागेल. त्यामुळे मुंबईहून सकाळी निघणाऱ्याला तृतीया ते पंचमी सगळ्यात सोयीची, शुद्ध असो की वद्य. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून शेवटचा शब्द किनाऱ्यावरच्या लोकांचा.

घोडागाडीला साडेतीन स्टार. भाव आधी ठरवा, जाऊन-येऊन ठरवा, आणि किल्ल्यावर किती वेळ थांबणार तेही आधीच बोला. घोड्याकडे नीट बघून गाडी निवडा, फासळ्या दिसत असतील तर बसू नका, सरळ चालत जा, ओहोटीला चालणं काही अवघड नाही, फक्त खडकांवरचं शेवाळ आणि कालवांच्या धारदार कडा सांभाळा, चप्पल काढून हातात घेऊ नका. आमचे गाडीवाले काका वयस्कर होते, बोलायला मोकळे. अर्ध्यात आल्यावर म्हणाले, "ताई, पाय वर घ्या, आता पाणी लागेल," आणि खरंच चाकं अर्धी बुडाली. "वर फार रेंगाळू नका, पाणी चढायला लागलं की घोडा ऐकत नाही." उजव्या हाताला किल्ल्याला लागून जो छोटा कोट दिसतो तो सर्जेकोट हे त्यांनीच दाखवलं, नाहीतर सगळे त्याला किल्ल्याचाच तुटका बुरूज समजून पुढे जातात.

किल्ल्याबद्दल जरा निवांत लिहिते कारण इथे लोक अर्धा तास फिरून सेल्फी काढून परत जातात. शिवाजी महाराजांच्या शेवटच्या काळात, १६८० मध्ये याचं काम सुरू झालं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. नंतर हाच कान्होजींचा मुख्य तळ. तट बघताना एक गोष्ट हाताने तपासून बघा, मोठमोठे दगड नुसते एकावर एक बसवलेत, मध्ये चुना नाही. लाटेचं पाणी फटींमध्ये शिरतं आणि तिचा जोर तिथेच जिरतो म्हणून असं बांधलं असं सांगतात, आणि तीनशे वर्षांहून जास्त काळ समुद्राचे तडाखे खाऊन तट उभा आहे हे तर समोरच दिसतं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून या किल्ल्यावर चालून आले होते, आरमारही होतं आणि जमिनीवरची फौजही, तरी हात हलवत परत गेले. महादरवाज्यावर हत्ती-मोर कोरलेत, तिथे गर्दी असते, जरा थांबा, गर्दी सरली की बघा.

आत सिद्धिविनायकाचं देऊळ, राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं. गणपतीच्या बाजूने इतर देव आहेत, पंचायतन म्हणतात तसं. समोर पुष्करणी. माघी गणपतीला इथे जत्रा भरते, आणि एरवीही चतुर्थीला अलिबागची माणसं ओहोटी साधून दर्शनाला येतात, नारळाची पिशवी हातात, साडी-पँट गुडघ्यापर्यंत वर घेतलेली, कुणी फोटोबिटो काढत नाहीत, दर्शन घेऊन सरळ कामाला परत. मला हा किल्ला आवडायचं कारण हेच आहे. कितीतरी किल्ले नुसते अवशेष झालेत, हा अजून गावाच्या वापरात आहे. हाजी कमालुद्दीन शाहांचा दर्गाही आहे, आणि गोड्या पाण्याची विहीर, चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये ही. किल्ल्यावर पाणी कसं मिळायचं हा प्रश्न लहान मुलं हमखास विचारतात, तेव्हा त्यांना आधी इथे आणा, मग बाकीचं दाखवा.

उत्तरेच्या टोकाला चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत, किल्ल्यावरची सगळ्यात जास्त फोटो निघणारी जागा. आम्ही गेलो तेव्हा एक हौशी गाइड एका ग्रुपला छातीठोकपणे सांगत होता की या शिवाजी महाराजांच्या तोफा. तोफेवर वाकून अक्षरं वाचा, लो मूर आयर्न वर्क्स, यॉर्कशायर आणि १८४९ साल. १८४० च्या सुमारास आंग्र्यांचं संस्थान वारस नाही म्हणून इंग्रजांनी खालसा केलं, त्यानंतरच्या या विलायती तोफा. म्हणजे ज्या तटावरून आंग्र्यांनी इंग्रजांवर तोफा डागल्या त्याच तटावर नंतर इंग्रजांनी आपल्या तोफा आणून ठेवल्या. खरी हकीकत एवढी जबरदस्त असताना खोटी कशाला सांगायची, आणि तीही पैसे घेऊन, याचा मला मनापासून राग आला. किल्ल्यावर जाताना गाइड घेऊ नका, घरूनच वाचून या, किंवा मुलांना तोफेवरची अक्षरं वाचायला लावा, त्यांना तेच जास्त आवडतं.

किल्ल्याला पाच स्टार, कचऱ्याला शून्य. पिकनिकवाल्यांनो, वेफर्सची पाकिटं परत घेऊन जा, प्लीज.

पाणी चढायच्या आत परत आलो की लोक शहाळं पिऊन सरळ हॉटेल गाठतात. तसं करू नका, आता गावात शिरा, पायीच. आधी हिराकोट. हा पण कान्होजींच्याच काळातला, १७२० चा, काळ्या दगडांचा भक्कम कोट, आणि इंग्रजांच्या काळापासून आजपर्यंत आत जेल आहे, जिल्हा कारागृह. आत जायचा प्रश्नच नाही, दारासमोर मोबाइल काढून फोटो काढू नका, पोलीस हटकतात आणि बरोबरच करतात. पण बाहेरून भिंतीच्या कडेने चाला आणि दगडांचे आकार बघा, काही दगड एवढे मोठे की ते कुणी आणि कसे उचलले हा विचार डोक्यातून जात नाही. रस्त्याच्या एका बाजूला आरमारी काळाचा कोट, त्याच्या आत कैदी, आणि शेजारीच हिराकोट तलाव, त्याच्या काठाला सकाळ-संध्याकाळ चालायला येणारे आजी-आजोबा, आणि कुणालाच त्यात काही विशेष वाटत नाही. एक काकू तिथे रोज येणाऱ्या, त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "अगं आमच्या लहानपणी जेलच्या भिंतीकडे बघून आई घाबरवायची, अभ्यास केला नाहीस तर तिथे टाकतील." कोट म्हणून त्यांना तो माहीतच नव्हता, जेल म्हणूनच माहीत. अलिबागमध्ये सगळीकडे असंच आहे, रोज डोळ्यासमोर असलेल्या गोष्टीला कुणी विचारत नाही की तू कधीची.

तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर वेधशाळा आहे, आणि हा माझ्या मते अलिबागचा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा आहे. बोर्ड वाचून लोक समजतात हवामान खातं असेल. ही पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं घेणारी वेधशाळा, आता भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. आधी ती मुंबईत कुलाब्याला होती, १८४१ पासून तिथे या नोंदी घेत होते. मग मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं. तोवर ट्राम घोड्यांच्या होत्या, त्यांनी काही बिघडत नव्हतं, पण विजेच्या ट्रामचा प्रवाह जमिनीतून फिरला की नाजूक यंत्रांच्या नोंदी बिघडणार. तेव्हा वेधशाळेचे प्रमुख डॉ. नानाभॉय मूस होते, या पदावर आलेले पहिले भारतीय, त्यांनी नवी जागा शोधली ती अलिबागची. इमारती अशा सामानाच्या उभारल्या की त्यात चुंबकत्वावर परिणाम करणारं लोखंड नको. १९०४ ला इथे काम सुरू झालं, आणि लगेच मुंबईचं बंद नाही केलं, दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा जुळावा. १९०७ ला मुंबईत विजेची ट्राम धावली.

का सांगतेय हे सगळं, तर त्या सांध्यामुळे १८४१ पासून आजपर्यंतची सलग मालिका आपल्याकडे आहे, जगात अशा फार थोड्या आहेत. १८५९ च्या सप्टेंबरमध्ये सूर्यावरून पृथ्वीवर आलेलं जे प्रचंड चुंबकीय वादळ शास्त्रज्ञ अजून अभ्यासतात, त्याची नोंद मुंबईच्या कुलाब्यात झाली होती, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची (चुंबकत्व मोजायचं एकक) घसरण, आणि आजही उपग्रह आणि विजेचे ग्रिड अशा वादळात किती टिकतील याचा विचार करणारे लोक त्या आकड्याकडे परत परत जातात. ती परंपरा आज या नारळाच्या झाडांमागे चालू आहे आणि बाहेर रस्त्यावर लोक भेळ खात चाललेत! आणि गंमत अशी की वेधशाळा मुंबईच्या कुलाब्यातून निघाली ती कुलाबा जिल्ह्यातच आली, कारण रायगड जिल्ह्याचं नाव १ जानेवारी १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हाच होतं. आत सहज सोडत नाहीत, आधी परवानगी काढावी लागते. शाळेतल्या बाईंनो आणि सरांनो, सहल इथे आणायची असेल तर महिनाभर आधी पत्र पाठवा, वॉटर पार्क दर वर्षी होतोच. बाहेरून बघायला काही नाही हे मान्य, तरी दोन मिनिटं थांबून जा.

पुढे बाजाराच्या दिशेने निघालो की कान्होजींची समाधी लागते. ४ जुलै १७२९ ला ते गेले. आंग्रे घराण्यातल्या इतरांच्याही समाध्या आवारात आहेत. जागा लहान, शांत आहे. रेटिंग देणार नाही, समाधीला काय रेटिंग द्यायचं, चप्पल काढून नमस्कार करा आणि पुढे चला.

मग इस्राएल आळी. एसटी स्टँडपासून, बाजारपेठेपासून जवळ, कुणालाही विचारा, शेंबडं पोरही दाखवेल. इथे मागेन अबोथ सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे, १८४८ चं, सध्याची इमारत १९१० मधली. कोकणातल्या बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू, लोकांची परंपरा सांगते की फार फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं जहाज नवगावजवळ फुटलं आणि सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. नवगाव इथून जवळच आहे, तिथे त्यांचं स्मारकही आहे. हे लोक गावोगाव राहिले, तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायला लागले. आडनावं बघा, नवगावकर, रोहेकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर, आपल्याच नकाशातली. घरात मराठी, स्वयंपाकात नारळ, देवाला मलिदा, म्हणजे गोड पोहे, ओलं खोबरं आणि फळं, बायबलमधला संदेष्टा एलियाहू हनाबी याच्या नावाने. धर्म यहुदी आणि बाकी सगळं आपल्या आजीच्या घरातलं. त्यांच्या जुन्या थडग्यांवर हिब्रूखाली देवनागरीत मराठी कोरलेलं दिसतं, मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा किती वेळ नुसती वाचत उभी होते.

सिनेगॉगमध्ये जायचं तर आधी विचारून जा आणि शनिवारी जाऊ नका, त्यांचा शब्बाथ असतो, आणि आपण बहुतेक लोक येतो शनिवारीच, तेव्हा हे लक्षात ठेवाच. पुरुषांनी डोकं झाकायचं. आतली जागा मोठी नाही, मधोमध तेवा, म्हणजे कठड्याचं व्यासपीठ, तिथून प्रार्थना वाचतात. १९४८ नंतर बरीच कुटुंबं इस्राएलला गेली, आळीत आता फारच थोडे राहिलेत, पण आळीचं नाव, देऊळ-मशिदीच्या बरोबरीने उभी असलेली ही वास्तू, सगळं आहे तसं आहे. तिकडे गेलेले मराठी ज्यू १ मे ला महाराष्ट्र दिन साजरा करतात. आणि मुंबईकरांनो, हार्बरच्या गाडीतून रोज मस्जिद स्टेशनवरून जाता ना, ते नाव जवळच्या सिनेगॉगवरून पडलं असं सांगतात, १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेलं, मुंबईतलं पहिलं. दिवेकर म्हणजे याच कोकणातले. इस्राएल आळीला पाच स्टार, आणि तिथे आरडाओरडा करत रील बनवणाऱ्यांना नम्र विनंती की तो लोकांचा राहता भाग आहे.

एवढं चालल्यावर भूक कडकडून लागलेली असते. बीचसमोरच्या मोठ्या हॉटेलात आम्ही मागे जेवलो होतो, नाव लिहीत नाही, सुरमई शिळी आणि वर सर्व्हिस चार्ज. गावातल्या घरगुती खानावळीत जा, साधी फरशी, चार-सहा टेबलं, बाहेर फळ्यावर खडूने लिहिलेला मेनू. ताटात तांदळाची भाकरी, बोंबील नाहीतर मांदेली कुरकुरीत, कोलंबीचं सुकं, आगरी पद्धतीच्या लाल मसाल्याचं कालवण, भात, सोलकढी. सोलकढी खरी आमसुलाची होती, गुलाबी पावडरची नाही, वाटीत लसूण आणि मिरची वेगळी कळत होती. भाकरी संपेल तशी गरम येत राहिली. मावशी स्वतः येऊन विचारत होत्या, "अजून एक घे गं, एवढं चालून आलीस, लाजतेस काय." चवीला पाच, वाट बघायला लागते त्याचा एक वजा.

जिताडा मिळाला तर घ्याच. महाग आहे, रोज नसतो, आधी फोन करून विचारलेलं बरं. जिताडा खाडीचा मासा, पण इकडे खारेपाटात लोक तो घराजवळच्या तळ्यात वाढवतात, भरतीच्या पाण्याने येतो आणि मोठा होतो. पूर्वी सरकारी कचेरीत काम अडलं की साहेबाला जिताडा पोचवायचे असं जुनी माणसं अजून सांगतात. मावशींनी खारेपाटाचा विषय काढला तो माझ्यासाठी त्या दिवसाचा सगळ्यात मोठा लाभ. अलिबाग आणि पेणच्या मधला हा सगळा पट्टा म्हणजे माणसांनी खाडीकडून ओढून घेतलेली जमीन आहे, मातीचे बांध घालून, त्यात उघाड्या ठेवून, म्हणजे ओहोटीला आतलं पाणी बाहेर जावं आणि भरतीचं खारं पाणी आत येऊ नये. बांध फुटला की अख्ख्या गावाने धावायचं. मावशींचं माहेर तिकडचं, म्हणाल्या, "रात्री हाक आली की आमचे बाबा कंदील घेऊन धावायचे, जेवण तसंच टाकून."

जेवून बाजारात. मार्च ते मे मध्ये आलात तर पांढऱ्या कांद्याच्या माळा लटकलेल्या दिसतील, त्या घ्या. भात कापल्यावर जमिनीतल्या ओलाव्यावर लावतात, कार्ले, खंडाळे, नेहुली या भागात. गोडसर आहे, कच्चाच खायचा, भौगोलिक मानांकनही मिळालंय त्याला. पण हायवेवर अलिबागचा म्हणून कुठलाही पांढरा कांदा विकतात, तेव्हा गावच्या बाजारात बाई स्वतः माळ विणत बसली असेल तिच्याकडूनच घ्या, पात विणून केलेली माळ हीच ओळख. घरी आणून हवेशीर टांगून ठेवली तर महिनोन्महिने टिकते. या खंडाळ्याजवळच बेने इस्राएली लोकांचा एलियाहू हनाबीचा टापा आहे, खडकावर खुणा आहेत, त्यांच्या श्रद्धेप्रमाणे एलियाहूच्या रथाच्या. कांद्याच्या शेतांच्या गावात बायबलमधल्या संदेष्ट्याचा रथ उतरला, हे फक्त याच तालुक्यात होऊ शकतं. स्वतःची गाडी असेल तर तिकडे नक्की वळा.

परत येताना मी लाँचऐवजी मुद्दाम एसटी घेते, पेणमार्गे. वेळ जास्त लागतो, वडखळला ट्रॅफिक मिळू शकतो, तरी घ्या, खिडकीची जागा मिळवा. कार्लेखिंड ओलांडली की खारेपाट सुरू होतो, मावशींनी सांगितलेले बांध, तळी सगळं रस्त्यावरून दिसतं. पोयनाडच्या अलीकडे-पलीकडे चरी गावाचा फाटा येतो. या चरीत १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं शेतकऱ्यांनी संप केला, शेतच कसलं नाही, कारण पिकवायचं यांनी आणि न्यायचं खोतांनी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांनी. नारायण नागू पाटील पुढारी. पंचवीसेक गावं त्यात होती. शेतं ओस पडली, खारं पाणी शिरून त्यात खारफुटी वाढली, लोकांनी मोळ्या विकून, मासे धरून, मजुरी करून दिवस काढले पण नांगर धरला नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, आणि १९३९ ला कुळांना संरक्षण देणारा कायदा आला. ज्या भाकरीचा तांदूळ आपण दुपारी खाल्ला तो याच जमिनीतला. चरीला स्मारक आहे, पण एसटीतून उतरून बघायचं असेल तर पुढची बस किती वेळाने आहे ते कंडक्टरला आधी विचारा, संध्याकाळी साडेसहानंतर तिथे अडकून पडायला होतं.

शेवटी खर्चाचं आणि सोयीचं, कारण लोक तेच विचारतात. दोघांनी लाँच, घोडागाडी, किल्ल्याचं तिकीट, जेवण आणि एसटी एवढं केलं तर रिसॉर्टच्या एका रात्रीच्या भाड्याच्या कितीतरी खाली होतं. ज्येष्ठ माणसं बरोबर असतील तर किल्ल्याला घोडागाडीच बरी, हिराकोट तलावाकाठी बसायला मिळतं, गावात रिक्षा मिळतात. टॉयलेट म्हणाल तर किल्ल्यावर भरवसा ठेवू नका, एसटी स्टँड नाहीतर खानावळीत उरकून घ्या. टोपी, पाणी, आणि भिजली तरी चालेल अशी पट्ट्याची चप्पल. थंडीत आलात आणि गावात कुणी ओळखीचं असेल तर पोपटीचं विचारा, वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, मडकं आणि शेकोटी, हॉटेलात मिळते ती वेगळी आणि शेतात लावलेली वेगळी. खांदेरीलाही जायचं असेल, तो जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक आहे, तर तो वेगळ्या दिवशी ठेवा, थळहून होडी ठरवावी लागते आणि समुद्र शांत असावा लागतो, एका दिवसात दोन्ही करायला गेलात तर इस्राएल आळी नक्की राहणार.